अखंड प्रार्थना, ख्रिस्ती

दैनंदिन व्यवहार चालू असताना ख्रिस्ताचे स्मरण व त्याच्याशी असलेले आंतरिक नाते सतत टिकविण्याचा ख्रिस्ती धर्मातील साधनामार्ग. नेमलेल्या वेळची उपासना आणि रविवारची सामुदायिक भक्ती यांवर तो आधारलेला असला, तरी तेवढ्यापुरता तो मर्यादित नाही. या कल्पनेचे मूळ नव्या करारात आहे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या (सु. इ. स. ५०) अखेरीस संत पौलाने निरंतर प्रार्थना करण्याची आज्ञा केली आहे, मूळ ग्रीकमध्ये ती अवघ्या दोन शब्दांची आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशूने स्वतःस द्राक्षवेल व शिष्यांना तिचे फाटे म्हटले असून, वेलीत राहिल्याखेरीज फाट्याला फळ येत नाही, असे सांगितले आहे. ‘राहणे’ या अर्थाचे ग्रीक क्रियापद त्या उताऱ्यात पुनःपुन्हा येते आणि त्यात कायमच्या वस्तीचा भाव आहे.

पौलाची आज्ञा शब्दशः पाळावयाची, तर झोप, जेवण व पोटापाण्याचा उद्योग यांचे काय करावयाचे, हा प्रश्न लगेच उभा राहतो. पौल स्वतः तंबू करण्याचा धंदा करीत असे आणि कोणावर भार पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस कष्ट केले, याची आठवण त्याने याच पत्रात वाचकांना करून दिली आहे. म्हणजे आज्ञा करणारा माणूस कष्टकरी होता. पुढील शतकांत या आज्ञेचा अर्थ लावताना ही साधी गोष्ट अनेकांच्या नजरेआड झाली व तिचे परिणामही झाले.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी ज्यू परंपरेला अनुसरून दिवसाचे ठराविक प्रहर प्रार्थनेसाठी राखले. डिडाखी या प्राचीन आचारग्रंथात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी, असा नियम आढळतो. पण तीन वेळा म्हणजे निरंतर नव्हे. अलेक्झांड्रियाचा धर्मपंडित ओरिजेन (सु. १८५–सु. २५४) याने प्रार्थनेवरील आपल्या ग्रंथात या अडचणीतून एक वाट काढली. आवश्यक कामांना प्रार्थनेची आणि प्रार्थनेला योग्य कृतींची जोड देणारा माणूस अखंड प्रार्थनाच करीत असतो. भक्ताचे सारे आयुष्य ही एकच मोठी प्रार्थना असून प्रार्थना म्हणून जिला आपण ओळखतो, ती तिचा केवळ एक भाग होय, असे त्याचे प्रतिपादन होते. हे उत्तर विचाराच्या दृष्टीने समाधानकारक आहे. परंतु सकाळी उठून प्रत्यक्ष काय करावे, हे त्यातून कळत नाही. साधकांना हवी होती ती रीत.

चौथ्या शतकात सिरिया व मेसोपोटेमिया या भागांत एका गटाने पौलाची आज्ञा अगदी शब्दशः घेतली. सिरियाक भाषेत या लोकांना ‘मेसालियन’ व ग्रीकमध्ये ‘यूकाइट’ म्हणत; दोन्ही शब्दांचा अर्थ ‘प्रार्थना करणारे’ असाच आहे. प्रार्थनेत खंड पडू नये म्हणून ते हाताने काम करण्याचे नाकारीत व भिक्षेवर राहत. चर्चने त्यांच्या मतांचा निषेध केला आणि ४३१ च्या एफेसस येथील धर्मपरिषदेतही त्यांच्याविरुद्ध निर्णय झाला. त्यांच्याविषयीची माहिती बहुतांशी त्यांच्या विरोधकांनी लिहून ठेवलेली असल्याने ती जपूनच स्वीकारावी लागते.

धर्मपरिषदेच्या निर्णयापेक्षाही ईजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांच्या वचनसंग्रहात आलेली एक कथा या वादावर अधिक प्रकाश टाकते. अलेक्झांड्रियाजवळील एनाटन येथील लूसियस या वृद्ध तपस्व्याकडे असे काही यूकाइट आले. आपण हाताने काम करीत नाही, पौलाने सांगितल्याप्रमाणे अखंड प्रार्थना करतो, असे त्यांनी सांगितले. तुम्ही जेवता काय, झोपता काय, असे लूसियसने विचारले. त्यांनी होकार दिला, तेव्हा त्या वेळी तुमच्याऐवजी कोण प्रार्थना करतो, असा त्याचा पुढील प्रश्न होता. त्यांना उत्तर सुचले नाही. मग लूसियसने आपली रीत सांगितली. खजुरीची पाने भिजवून तो त्यांच्या दोऱ्या वळीत बसे आणि वळता वळता दयेची याचना करणारे एक स्तोत्रवचन म्हणे. दिवसाअखेर साधारण सोळा नाणी मिळत. त्यांतील दोन तो दाराबाहेर ठेवी व उरलेल्यांत आपला निर्वाह करी. ती दोन नाणी जो उचलून नेई, तो लूसियस जेवत वा झोपत असताना त्याच्यासाठी प्रार्थना करी आणि अशा रीतीने प्रार्थनेत खंड पडत नसे. या हिशेबात थोडा विनोद आहे, पण अर्थही मोठा आहे. एकट्याच्या प्रयत्नाने अखंडता साधत नाही. ती श्रम, दान आणि दुसऱ्याची प्रार्थना यांनी मिळून पुरी होते, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

ईजिप्तमधील ही साधना जॉन कॅसियन (सु. ३६०–सु. ४३५) याने लॅटिन जगात नेली. आपल्या संवादग्रंथातील दहाव्या संवादात त्याने आयझाक नावाच्या तपस्व्याच्या मुखातून स्तोत्रसंहितेतील एकच लहान वचन सतत मनात घोळविण्याची रीत सांगितली आहे. देवाने साहाय्यास त्वरेने धावून यावे, अशी विनवणी त्या वचनात आहे. भूक लागली असता, झोप येत नसता, राग अनावर झाला असता, इतकेच नव्हे तर मन प्रसन्न असतानाही हेच वचन म्हणावयाचे. संत बेनेडिक्टच्या नियमावलीने (सहावे शतक) तेच वचन मठातील प्रहरोपासनेच्या प्रारंभी योजले. या नियमावलीत दिवसाच्या सात व रात्रीच्या एका उपासनेबरोबर शारीरिक श्रमही नेमून दिलेले आहेत. मठाची भांडी व अवजारे वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे जपावीत, ही तीतील सूचना लहानशी असली तरी महत्त्वाची आहे. कुदळ व उपासनापात्र यांच्याकडे एकाच दृष्टीने पाहण्याची शिकवण तिच्यात सामावलेली आहे.

पूर्वेकडील ग्रीक चर्चमध्ये याच बीजाचा विकास वेगळ्या दिशेने झाला. तेथे स्तोत्रवचनाच्या जागी हळूहळू येशूचे नाव आले. फोटिकी येथील बिशप डायडोकस (पाचवे शतक) आणि सिनाई पर्वतावरील मठाधिपती जॉन क्लायमॅकस (सहावे-सातवे शतक) यांच्या लेखनात नामस्मरणाचा स्पष्ट उपदेश आहे. हे स्मरण श्वासाशी जोडावे, असे क्लायमॅकसने सुचविले. त्यातून ‘येशूची प्रार्थना’ या नावाने प्रसिद्ध असलेले एका वाक्याचे सूत्र रूढ झाले. येशूला प्रभू व देवाचा पुत्र म्हणून हाक मारावयाची आणि पापी माणसावर दया करण्याची याचना करावयाची, एवढाच त्याचा आशय आहे. गाठी मारलेल्या लोकरीच्या दोरीवर त्याची आवर्तने मोजतात. नामजपाशी असलेले त्याचे साम्य मराठी वाचकाच्या चटकन लक्षात येईल. अभ्यासकांनी सूफींच्या ‘झिक्र’शी व भारतीय जपाशी त्याची तुलना केली आहे, मात्र साम्यावरून उगम सिद्ध होत नाही आणि येशूच्या प्रार्थनेची वाढ ईजिप्त व सिनाई येथील परंपरेतून पुरेशी उलगडता येते.

चौदाव्या शतकात अ‍ॅथॉस पर्वतावरील मठांत ही साधना भरास आली. निःशब्द शांती या अर्थाच्या ‘हेसिखिया’ या ग्रीक शब्दावरून तिच्या साधकांना हेसिकास्ट असे नाव पडले. हनुवटी छातीला टेकवून, श्वास मंदावून, चित्त हृदयाकडे वळविण्याची त्यांची पद्धत दक्षिण इटलीतून आलेल्या बार्लाम या विद्वानाला हास्यास्पद वाटली आणि आपला आत्मा बेंबीत आहे, असे मानणारे लोक म्हणून त्याने त्यांची टवाळी केली. त्यांची बाजू ग्रेगरी पालामास (१२९६–१३५९) याने मांडली. देव तत्त्वतः अगम्य असला, तरी आपल्या दिव्य शक्तींच्या द्वारे तो माणसाला खरोखर भेटतो आणि या भेटीत शरीरालाही वाटा असतो, हा त्याच्या मांडणीचा गाभा होय. कॉन्स्टँटिनोपल येथे १३४१, १३४७ व १३५१ मध्ये भरलेल्या परिषदांनी पालामासच्या बाजूने कौल दिला.

या वादात एक प्रश्न काहीसा बाजूस राहिला होता : ही साधना मठवासीयांपुरतीच आहे काय ? बायका-मुले व प्रपंच असलेल्या सामान्य माणसालाही ती बंधनकारक आहे, असे पालामासचे मत होते. त्याचा समकालीन निकोलस काबासिलास (चौदावे शतक) याने हेच मत अधिक व्यवहार्य भाषेत मांडले. तो बहुतेक अभ्यासकांच्या मते अखेरपर्यंत गृहस्थच होता. ख्रिस्तातील जीवन या आपल्या ग्रंथात तो म्हणतो, की यासाठी कोणी आपला व्यवसाय सोडण्याचे कारण नाही. सेनापतीने सैन्य चालवावे, शेतकऱ्याने शेत कसावे, कारागिराने आपली कला चालवावी. रानात जाण्याची, न रुचणारे अन्न खाण्याची, पोशाख बदलण्याची वा प्रकृती बिघडवून घेण्याची गरज नाही. घरी बसून ख्रिस्ताच्या प्रेमाचे चिंतन करता येते. संपूर्ण ग्रीक तपःसाहित्यात गृहस्थाला इतका मोकळेपणाने दिलेला दिलासा क्वचितच आढळतो.

करिंथचा मॅकेरियस व अ‍ॅथॉसवरील निकोदेमस यांनी या परंपरेतील वेचे फिलोकालिया या नावाने १७८२ मध्ये व्हेनिस येथे छापविले. पायीसी व्हेलिच्कोव्हस्कीने केलेला त्याचा स्लाव्हॉनिक अनुवाद १७९३ मध्ये मॉस्कोत निघाला आणि येशूची प्रार्थना रशियाच्या खेड्यापाड्यांत पोहोचली. तिचे तेथील रूप एका निनावी पुस्तकात पाहावयास मिळते. एका यात्रिकाची वाटचाल म्हणून ओळखले जाणारे हे पुस्तक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कझान येथे प्रसिद्ध झाले. एका हाताने अधू असलेला एक गरीब यात्रिक चर्चमध्ये पौलाची आज्ञा ऐकतो आणि ती पाळावयाची कशी, हे सांगणाऱ्याच्या शोधात गावोगाव फिरतो. प्रवचने पुष्कळ ऐकावयास मिळतात. पण प्रार्थना चांगली, एवढेच सर्व जण सांगतात. अखेर एक वृद्ध गुरू त्याला दिवसाला तीन हजार, मग सहा हजार, मग बारा हजार आवर्तने करावयास लावतो आणि पुढे प्रार्थना आपोआप हृदयात चालू लागते. कथानकाच्या ऐतिहासिकतेविषयी शंका घेण्यात आली असली, तरी पुस्तकाचा प्रभाव निर्विवाद आहे. अमेरिकन कादंबरीकार सॅलिंजर याच्या फ्रॅनी अँड झुई (१९६१) या पुस्तकातील महाविद्यालयीन तरुणी हेच पुस्तक पर्समध्ये घेऊन वावरते. नामाच्या या भक्तीने टोकही गाठले. देवाचे नाव हे स्वतः देवच होय, असे मानणाऱ्या अ‍ॅथॉसवरील रशियन साधूंना रशियाच्या धर्मसभेने १९१३ मध्ये दोषी ठरविले आणि झारच्या सरकारने सैनिक पाठवून शेकडो साधूंना तेथून जहाजांनी ओडेसाला आणले.

पश्चिम यूरोपात मध्ययुगाच्या अखेरीस हा शोध मठाबाहेर पडला. नेदर्लंड्समधील डेव्हेंटर येथे खेर्ट ग्रोटे (१३४०–८४) याच्या प्रेरणेने एकत्र राहणारे ‘सामायिक जीवनाचे बंधू’ व्रतबद्ध न होता हस्तलिखिते नकलून पोट भरीत. त्यांच्या परिसरातूनच टॉमस अ केंपिसचा ख्रिस्तानुकरण हा ग्रंथ निर्माण झाला. पुढे फ्रान्सिस द साल (१५६७–१६२२) याने आपल्या भक्तिजीवनावरील ग्रंथात (१६०९) शिपायाची छावणी, कारागिराचे दुकान, राजदरबार व संसारी माणसाचे घर यांतून भक्तीला हद्दपार करणे हे पाखंड होय, असे ठणकावून सांगितले.

प्रॉटेस्टंट पंथाने मठसंस्थाच नाकारल्यामुळे त्याला या प्रश्नाचे उत्तर घरात व कामाच्या जागीच शोधणे भाग होते. प्रार्थना कशी करावी, असे विचारणाऱ्या आपल्या न्हाव्यासाठी, पीटरसाठी, मार्टिन ल्यूथरने १५३५ मध्ये एक छोटी पुस्तिका लिहिली. चांगल्या न्हाव्याचे लक्ष वस्तऱ्यावर व केसांवर असते. गप्पांत रंगून तो इकडेतिकडे पाहू लागला, तर गिऱ्हाइकाचे नाकच काय, गळाही कापला जाईल. प्रार्थनेलाही असेच एकाग्र मन लागते, असा दृष्टांत त्याने दिला. बोध, आभार, कबुली व मागणे अशा चार पदरांची माळ प्रत्येक आज्ञेवरून कशी गुंफावी, हेही त्याने दाखविले. त्याच वर्षी या पीटरने दारूच्या नशेत आपल्या जावयाला भोसकून ठार केले आणि ल्यूथर प्रभृतींच्या रदबदलीमुळे त्याची शिक्षा हद्दपारीवर निभावली. पद्धत उत्तम असली, तरी ती माणसाची हमी देऊ शकत नाही, हे भक्तिपर चरित्रे सहसा सांगत नाहीत. जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन बंधुमंडळींनी १७२७ मध्ये चोवीस तासांची आपसांत वाटणी करून अखंड मध्यस्थीची प्रार्थना सुरू केली आणि ती शंभरांहून अधिक वर्षे चालली. प्रत्येक दिवसासाठी एक शास्त्रवचन देणारी त्यांची छापील पुस्तिका १७३१ पासून निघत आली आहे.

काम व प्रार्थना यांतील अंतर सर्वांत पुसले गेले ते पॅरिसमधील एका स्वयंपाकघरात. निकोला एर्मां ऊर्फ ब्रदर लॉरेन्स (सु. १६१४–९१) हा लॉरेनमधील एका खेड्यातला. तीस वर्षांच्या युद्धात शिपाई असताना तो जखमी होऊन लंगडा झाला. नंतर चाकरीत राहिला, तर हातून वस्तू फुटत. अठराव्या वर्षी हिवाळ्यातील निष्पर्ण झाड पाहून, त्याला लवकरच पालवी फुटेल या विचाराने त्याच्या मनात देवाच्या सामर्थ्याची जी जाणीव जागी झाली, ती कायम राहिली. १६४० मध्ये तो पॅरिसच्या कार्मेलाइट मठात सामान्य सेवक-बंधू म्हणून दाखल झाला आणि स्वयंपाकघरात त्याची नेमणूक झाली. हे काम त्याला मनापासून नावडते होते, तरी सुमारे पंधरा वर्षे त्याने ते केले. नंतर तो मठवासीयांची पायताणे दुरुस्त करू लागला. मठासाठी दारू खरेदी करण्यास त्याला बर्गंडीला पाठवीत, तेव्हा लंगडेपणामुळे नावेत पिंपांवरून गडगडतच हालचाल करावी लागे. जोसेफ द बोफोर या धर्मगुरूने १६६६ पासून त्याच्याशी केलेल्या चार संभाषणांच्या टिपणांत आणि लॉरेन्सच्या पत्रांत त्याची साधना आलेली आहे. तिच्यात श्वासाचे तंत्र नाही, आवर्तनांची मोजणी नाही. देव येथे आहे असे समजून त्याच्याशी साध्या शब्दांत बोलत राहावयाचे. विसर पडला, तर खंत करीत न बसता पुन्हा वळावयाचे. जमिनीवरची काडी उचलावयाची तीही त्याच्या प्रेमाखातर. प्रार्थनेची वेळ व कामाची वेळ यांत आपल्याला फरक राहिला नाही, असे तो सांगे. मात्र ही स्थिती येण्यापूर्वी सुमारे दहा वर्षे आपण अतिशय यातना भोगल्याचेही त्याने सांगितले आहे. त्याच्या गोड वचनांच्या आवृत्त्या काढणाऱ्यांनी या दहा वर्षांकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

त्याच्या मृत्यूनंतर बोफोरने हे साहित्य १६९२ व १६९४ मध्ये प्रसिद्ध केले. तेवढ्यात, आत्म्याने पूर्ण निष्क्रिय व्हावे असे सांगणाऱ्या क्वायटिझम या मतावरून फ्रान्समध्ये वादळ उठले. लॉरेन्सला प्रत्यक्ष भेटलेल्या आर्चबिशप फेनेलाँने आपल्या समर्थनार्थ त्याचा दाखला दिला आणि १६९९ मध्ये पोपने फेनेलाँच्या ग्रंथातील तेवीस विधाने दोषार्ह ठरविली. दिवसभर भांडी घासणाऱ्या माणसाला निष्क्रियतेच्या पक्षात ओढावे, हा इतिहासातील एक विचित्र योग म्हणावा लागेल. कॅथलिक फ्रान्समध्ये लॉरेन्स दीर्घकाळ मागे पडला; इंग्रजी प्रॉटेस्टंटांनी मात्र त्याला जपले. जॉन वेस्लीने आपल्या ख्रिस्ती ग्रंथमालेत त्याच्या लेखनातील वेचे घेतले.

मराठी भाषेत या विषयाला पहिला मोठा आधार फादर स्टीफन्सच्या (१५४९–१६१९) ख्रिस्तपुराणाने दिला. गोव्यातील नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्या जागी घरी वाचावयास व ऐकावयास काही नव्हते. ही पोकळी भरण्यासाठी १६१६ मध्ये रायतूर येथे हा ओवीबद्ध ग्रंथ छापला गेला. देशी भाषांवर पोर्तुगीज सत्तेने घातलेल्या निर्बंधांनंतरही मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत त्याच्या हस्तलिखितांचे वाचन चालू राहिले. पुण्याजवळील केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) प्रार्थनेला उद्योगाची जोड दिली. १९०५ मध्ये तेथे मोठी धार्मिक जागृती झाली, तेव्हाही शेती, विणकाम व छापखाना ही कामे आश्रमाचा कणा होती. हिब्रू व ग्रीकवरून रमाबाईंनी केलेल्या मराठी बायबलचे खिळे जुळविण्यापासूनची कामे तेथील स्त्रियांनी केली. संपूर्ण ग्रंथ रमाबाईंच्या निधनानंतर १९२४ मध्ये बाहेर पडला.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका होती. आयात केलेल्या इंग्रजी चालींवरील गीतांनी मराठी ख्रिस्ती माणसाचे रोजचे मन ख्रिस्ताशी जडत नाही, हे ओळखून त्यांनी अभंग, भजन व कीर्तन यांचा अवलंब केला. ख्रिस्ताला त्यांनी गुरू म्हटले आणि माउलीही म्हटले. दळताना, मळ्यात, मडकी घडविताना देवाशी बोलणाऱ्या जनाबाई, सावता माळी व गोरा कुंभार यांच्या प्रदेशात हे शब्द परके वाटण्याचे कारण नव्हते. यूरोपात ज्यासाठी मठाच्या भिंती ओलांडाव्या लागल्या, ते येथे संतपरंपरेने आधीच अंगणात आणून ठेवलेले होते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात प्रवेश होता. दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाल्याने या प्रयोगाला फारसा अवधी मिळाला नाही आणि त्यांचे ख्रिस्तायन अपुरे राहिले. लक्ष्मीबाई टिळकांनी (१८६८–१९३६) ते पुढे नेले. टिळकांची पदे मराठी चर्चच्या उपासना-संगीतात आणि घरोघरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत आजही गाइली जातात.